दोघांनीही कडी लावली होती

१

शिंपी गेला तेव्हा सिस्टर त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर बसली होती. हे तिनं मला तीनदा सांगितलं.

दुपारची वेळ होती. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेशी एक मॉनिटर, आणि सगळ्या मॉनिटरच्या तारा भिंतीवरच्या एका करड्या डब्यात जात. कुणाची नाडी घसरली की मॉनिटर डब्याला कळवी, डबा सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनला कळवी, आणि स्क्रीन किंचाळे. त्या दुपारी स्क्रीन गप्प होती. शिंप्याचं हृदय थांबलं तेव्हा सिस्टर तिच्याकडेच बघत होती आणि तिच्यावर शिंप्याची नाडी झकास चालली होती. ती नाडी जुनी होती. डबा गोठला होता, आणि शेवटचं जे दिसत होतं तेच दाखवत राहिला होता.

ऑपरेशन नीट झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो घरी जायचा होता. खाटेवर पडल्या पडल्या त्याला खिडकीच्या पडद्याची शिवण वाकडी दिसायची, म्हणून त्यानं सिस्टरकडून सुई-दोरा मागून घेतला होता. अर्धी शिवण उसवून सरळ करून झाली होती. उरलेली तशीच लोंबत होती आणि सुई तिथंच टोचलेली होती.

यंत्रं का बिघडली हे शोधून विमा कंपन्यांना लिहून देणं हे आमच्या छोट्या ऑफिसचं काम. मी भौतिकशास्त्र शिकले. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते सोपं आहे म्हणून. दोषी सापडलेला आहे, फक्त कागद करायचा आहे, असं मला सांगण्यात आलं होतं.

बाहेरच्या बाकावर शिंप्याची मुलगी बसली होती. तिनं माझं ओळखपत्र वाचलं आणि म्हणाली, "चूक कुणाची ते तुम्ही ठरवा. मला एकच सांगा. बाबांच्या यंत्रानं हाक मारली होती का? की तेही गप्पच राहिलं?"

मी सांगते म्हणाले. सांगता येईल की नाही, ठाऊक नव्हतं.

मग मी डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. चांगलाच तापला होता.

"हा असाच तापतो," सिस्टर म्हणाली. "आधीचा बिघडला म्हणून त्याच्या जागी हा लावला. अगदी तसाच दिसतो. पण आधीच्यावर आम्ही खुशाल कापसाचे गठ्ठे ठेवायचो."

डबे बनवणाऱ्या कंपनीनं मला आधीच लेखी कळवलं होतं, की या डब्यात सहा वर्षांत काहीही बदललेलं नाही.

२

कंपनीचं ऑफिस एका काचेच्या इमारतीत होतं. तिथल्या मुख्य बाईंना सगळे मॅडम म्हणत. मॅडमनी चहा मागवला आणि दोषी माणसाचं नाव चहाच्या आधी टेबलावर आलं.

ते तसं नाव नव्हतंच. ऑफिसात दोन साडू होते, सख्ख्या बहिणींचे नवरे. लोक त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. दोषी थोरले. त्यांना त्याच आठवड्यात घरी पाठवलं होतं. एक कागद त्यांच्या घरी गेला होता: चूक सर्वस्वी माझी, असं लिहून सही करायची. शुक्रवारपर्यंत सही केली तर कंपनी त्यांच्यावर खटला भरणार नव्हती. नाही केली तर भरणार होती, आणि मग या धंद्यात त्यांना पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं.

मी म्हणाले, मला आधी डबा समजावून सांगा. मॅडमनी ते सोपं करून सांगितलं, हे कबूल करायला हवं.

डब्याच्या पोटात, अगदी आतल्या थरात, एक यादी असते: कुठला मॉनिटर कुठल्या तारेवर आहे त्याची. निरोप आला की कोडचा एक भाग यादीतल्या एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत जातो, हवी ती ओळ सापडली की निरोप पुढे धाडतो. तो धाकट्यांचा. दुसरा भाग अधूनमधून येऊन बंद पडलेल्या मॉनिटरच्या ओळी फाडून टाकतो, म्हणजे जागा मोकळी होते. तो थोरल्यांचा. वाचणाऱ्याचं बोट ओळीवर असताना फाडणाऱ्यानं तीच ओळ फाडली, तर बोटाखाली काहीच उरत नाही. डबा तिथंच गोठतो. त्या दुपारी वॉर्डातला एक पेशंट घरी गेला होता आणि त्याचा मॉनिटर नुकताच बंद केला होता.

"फाडणारा दोषी," मॅडम म्हणाल्या. "सरळ आहे."

पुरावा म्हणून त्यांनी एक फोटो दाखवला. गोठण्याआधी डब्यानं लिहिलेले शेवटचे शब्द. यादी वाचताना अडखळलो, ओळ सापडत नाही, असा अर्थ होता. त्या क्षणी डब्याच्या हातात निरोप होता तो शिंप्याच्या खाटेचा: नाडी घसरली. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रोसेसर १' होतं. मी त्यावर बोट ठेवलं. प्रोसेसर म्हणजे डब्यातलं काम करणारं डोकं, मॅडम म्हणाल्या. आमच्या डब्यात एकच असतं, त्यात काय बघायचं.

"हा फोटो थोरल्यांनी पाहिला?"

"दाखवायची काय गरज? ते तर तोवर घरी होते."

"पण एक जण वाचत असताना दुसऱ्यानं फाडू नये, यासाठी काही सोय असेल ना?"

"असते की. लॉक. यादीला हात लावायच्या आधी लॉक घ्यायचं, झालं की सोडायचं. एकाकडे लॉक असेपर्यंत दुसरा थांबतो."

"आणि इथं कुणी घेतलं नव्हतं?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "दोघांनीही घेतलं होतं. मी स्वतः तपासलंय."

"मग ओळ फाडली कशी गेली?"

"ते तुम्ही शोधा," मॅडम म्हणाल्या. "पण शुक्रवारच्या आत."

३

धाकटे माझ्यासमोर बसले ते वकिलासमोर बसावं तसे. शर्टाची वरची गुंडीही लावलेली.

थोरल्यांविषयी ते वाईट बोलले नाहीत. बोललेच नाहीत म्हणायला हवं. विचारलं तेवढ्यापुरतं "ते" म्हणाले. बाकीचं मला कँटीनमध्ये कळलं, कारण ही गोष्ट न सांगणारा माणूस त्या इमारतीत नव्हता. धाकट्यांना या कंपनीत थोरल्यांनी आणलं. पहिली दोन-तीन वर्षं दोघं एका डब्यातून जेवत. शेजारशेजारचे फ्लॅट घेतले, मधल्या भिंती पाडायच्या गोष्टी केल्या. मग एकदा घरच्या कार्यात, सगळ्या सासुरवाडीसमोर, थोरले हसत हसत म्हणाले, "याला काय येत होतं? मी चिकटवला म्हणून चिकटला." लोक हसले. धाकटेही हसले म्हणतात. त्यानंतर ते थोरल्यांशी एक शब्द बोलले नाहीत. आणि थोरल्यांनी, आपण काय वाईट बोललो, याचाच राग धरला.

ऑफिसनं यावर तोडगा काढला होता. दोघांची टेबलं दोन मजल्यांवर. दोघांचा कोड मॅडम वेगवेगळा तपासणार. एकाची फाइल दुसऱ्यासमोर कधी आणायची नाही. शांतता राहिली आणि डबे विकले गेले.

मी धाकट्यांना विचारलं, थोरल्यांच्या कोडमध्ये चूक असेल का?

"मला कसं ठाऊक असणार? मी त्यांची फाइल उघडत नाही. वर्षं झाली."

"तुमच्या बाजूनं?"

"यादीला हात लावायच्या आधी मी लॉक घेतो. वाचतो. सोडतो. हवं तर आत्ता दाखवतो." त्यांनी दाखवलं. होतं.

मी उठले तेव्हा ते थोडे सैल झाले. कदाचित त्यांना वाटलं असावं, की एवढं गप्प राहणं बरं दिसत नाही. म्हणाले, "एक सांगतो. ते निष्काळजी नाहीत. त्यांनीही लॉक घेतलंय, आणि कोडमधून बाहेर पडायच्या तिन्ही वाटांवर आठवणीनं सोडलंय. कितीतरी जण एखादी वाट विसरतात. काम स्वच्छ आहे त्यांचं."

मला ते आवडलं. भांडलेला माणूस इतकं म्हणतो म्हणजे मोठा आहे, असं वाटून मी ते थोरल्यांच्या बाजूनं टिपून घेतलं. या वाक्यात दुसरंही काही आहे, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस गेले.

त्या वेळी एवढंच डोक्यात होतं: दोघांनीही खरंच लॉक घेतलं असेल, तर शिंपी जिवंत असायला हवा होता.

४

डबे विकायला जाण्याआधी ज्याच्या हातून जात, त्याला ऑफिसात कासव म्हणत. तो गोल, शांत आणि कायम उशिरा असे. त्याच्या खोलीत जुन्या डब्यांचे ढीग होते आणि एक खोटी खाट होती: मॉनिटरसारखे निरोप पाठवणारं एक यंत्र, एका तारेवर.

"एकच?" मी विचारलं.

"दुसरी मागून थकलो. एका तारेवर पास झाला की पास."

मी म्हणाले, लॉक म्हणजे नेमकं काय ते मला मॅडमच्या भाषेत नको, तुमच्या भाषेत सांगा. तो खूश झाला.

"संडासाची आतली कडी. आत एक जण, बाकीचे बाहेर. आणि आमचा बाहेरचा माणूस बाकावर बसून पेपर नाही वाचत. दार हलवत उभा राहतो, झालं का, झालं का करत. म्हणून आत गेलेल्यानं रेंगाळायचं नाही."

"आणि प्रोसेसर एकच असेल तर?"

"मग घरात माणूसच एक. त्याच्यासाठी दार हलवायला कोण येणार? अशा घरात कडी फक्त एवढंच बघते, की तो आत असताना त्याला मध्येच दुसऱ्या कामाला हाक मारायची नाही. आत गेलास, काम संपव, मग बाहेर ये. बस."

त्यानं मला एक जुना डबा मुद्दाम गोठवून दाखवला. स्क्रीनवर तसेच शब्द उमटले, जसे फोटोत होते. फक्त वरच्या कोपऱ्यात होतं: 'प्रोसेसर ०'.

मी दुसरा डबा मागितला. त्यावरही शून्य.

"शून्य का?"

"आम्ही शून्यापासून मोजतो. पहिला तो शून्य."

"मग एक म्हणजे?"

"एक म्हणजे दुसरा..." म्हणता म्हणता तो थांबला. मी फोटो त्याच्यापुढे धरला. कासवाला मी पहिल्यांदाच घाईनं उठताना पाहिलं.

खरेदी बघणारा माणूस तळमजल्यावर बसायचा. त्यानं काही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नव्हतं. जुनी चिप बनायची बंद झाली. त्याच मापाची, त्याच जागी बसणारी नवी मिळाली. तिच्यात दोन प्रोसेसर. फुकटात एक जास्तीचा मिळाला म्हणून त्याचं कौतुकही झालं होतं. चिपबरोबर आलेली सेटिंग जशीच्या तशी ठेवली होती, त्यामुळे दुसरा प्रोसेसर पहिल्या दिवसापासून कामाला लागला होता. मॅडमना फक्त एवढंच विचारलं होतं, त्याच मापाची चिप आहे, कोड बदलावा लागेल का? मॅडमनी दोन शब्द लिहून पाठवले होते: गरज नाही.

डबा का तापतो ते कळलं. मला वाटलं, संपलं. थोरले सुटले.

जिन्यात कासवानं मान हलवली. "नाही हो. लॉक तर दोन प्रोसेसरसाठीच असतं. कडी लावलेली असेल, तर घरात दोन माणसं असोत की वीस, आत एकच जाणार."

आणि कडी दोघांनीही लावली होती.

५

थोरल्यांच्या घरी त्यांच्या बायकोनं दार उघडलं. मी कोण हे सांगितल्यावर ती क्षणभर आडवी उभी राहिली, मग म्हणाली, "ये पोरी. जेवलीस का?"

थोरले टेबलाशी बसले होते. समोर कंपनीचा कागद आणि त्यावर पेन. पेनाचं टोपण काढलेलं नव्हतं. त्यांनी आधी मी काय शिकले ते विचारलं, मग दोन प्रश्न विचारून ते खरं आहे का पाहिलं. दुसऱ्या उत्तरात माझी चूक दाखवली आणि त्यानंतरच माझ्याशी नीट बोलू लागले.

"छातीवर हात ठेवून सांगतो," ते म्हणाले. "लॉक घेतल्याशिवाय मी त्या यादीला बोट लावलेलं नाही. कुणाच्या तरी बाबाचा जीव गेला. ती पोरगी मला मारेकरी समजत असेल. मी सही करायची म्हणजे तिला हो म्हणायचं."

माझा त्यांच्यावर विश्वास बसला. बसणारच होता. त्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं, चष्म्याच्या घरापासून चपलांपर्यंत.

त्यांची बायको बाल्कनीतून आत आली, ओले हात पदराला पुसले आणि दाराला कडी लावली. "मांजर जातं नि वाळत घातलेलं खाली पाडतं," ती मला म्हणाली.

दाराला काच होती. मी सहज बाहेर पाहिलं. दोरीवर चादरी, शर्ट, एक फ्रॉक. मी बघत असतानाच एक हात आला. चिमटा काढला, कोपऱ्यातली चादर उचलली आणि गेला.

"बाहेर कोण आहे?"

"छोटी," ती म्हणाली. छोटी म्हणजे तिची धाकटी बहीण, धाकट्यांची बायको. "बाल्कनी एकच आहे ना आमची. भिंत पाडली होती चांगल्या दिवसांत. यांचं वाजलं तेव्हा परत बांधू म्हणाले. आम्ही दोघींनी बांधू दिली नाही. तेवढंच बोलणं होतं बाई, कपडे वाळत घालता-काढताना."

"पण तुम्ही आत्ता कडी लावलीत."

ती हसली. "आमच्या दाराला लावली गं. तिच्या दाराला ती लावते."

थोरल्यांनी मान वर केली. ते बायकोकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी उठले. चहाला थांबले नाही.

६

मॅडमकडे मी एकच गोष्ट मागितली: दोघांच्या फायली एकाच टेबलावर, शेजारी शेजारी. तसं आजवर कधी केलेलं नाही, त्या म्हणाल्या. मला तेच हवं होतं.

कासव माझ्याशेजारी बसला. डाव्या स्क्रीनवर धाकटे, उजव्या स्क्रीनवर थोरले. लॉक घेतलं आहे का? दोन्हीकडे आहे. मॅडम इतकंच बघत आल्या होत्या. मी दुसरा प्रश्न विचारला: कुठलं?

धाकट्यांच्या लॉकचं नाव 'यादी_लॉक'. थोरल्यांच्या लॉकचं नाव 'यादी_लॉक_२'.

एक बाल्कनी, दोन दारं, दोन कड्या. ज्यानं त्यानं आपल्या दाराला कडी लावायची आणि आत आपण एकटेच आहोत असं समजायचं. घरात एकच माणूस होता तोवर काही बिघडलं नाही. कडी कुठल्याही दाराची असो, त्याला मध्येच हाक मारायची नाही एवढंच तिचं काम होतं, आणि ते दोन्ही कड्या करत होत्या. मग नव्या चिपबरोबर घरात दुसरा माणूस आला. त्या दुपारी एक प्रोसेसर आपल्या दारानं आत येऊन वाचत होता आणि दुसरा आपल्या दारानं येऊन फाडत होता. दोघांच्याही कड्या नीट लागलेल्या होत्या.

 मी कासवाला विचारलं, नावापुढे दोन का?

"एकाच नावाच्या दोन वस्तू असल्या की सगळं जोडताना यंत्र अडतं," तो म्हणाला. "सांगतं, हे नाव आधीच घेतलेलं आहे, अमुक फाइलीत."

"म्हणजे थोरल्यांनी आधी 'यादी_लॉक' असंच नाव दिलं असणार."

"आणि यंत्रानं त्यांना सांगितलं असणार, की याच यादीचं लॉक धाकट्यांनी आधीच केलंय." त्यानं डोळे चोळले. "त्यांनी पुढे दोन लिहिलं आणि घरी गेले."

त्याच वेळी मला ते वाक्य आठवलं. बाहेर पडायच्या तिन्ही वाटांवर सोडलंय. थोरल्यांची फाइल वर्षानुवर्षं न उघडणाऱ्या माणसाला वाटा किती ते कुठून ठाऊक? वाटा मोजणाऱ्यानं प्रत्येक वाटेवर ते नाव वाचलं असणार. दोनसकट.

मी जाऊन हे त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा धाकट्यांनी नाकारलं नाही. त्यांनी वरची गुंडी काढली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. नव्या चिपचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. पण दोन लॉकं आहेत हे त्यांना कधीपासून माहीत होतं?

"त्यांनी लिहिलं त्याच महिन्यापासून."

"सांगितलं का नाहीत?"

"मी कशाला सांगू? मी चिकटवलेला माणूस. चिकटवणाऱ्याला सगळं कळत असणार."

७

शुक्रवारी सकाळी मी थोरल्यांपुढे दोन पानं ठेवली आणि फोटो ठेवला. पानांकडे त्यांनी पाहिलंही नाही. फोटोतल्या कोपऱ्यावर त्यांची नजर गेली आणि तिथंच राहिली. मला जे कळायला एक आठवडा लागला, ते त्यांना एका नजरेत कळलं.

"दुसरा आला होय," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं."

"येणार कधीतरी, हे माहीत होतं. आज ना उद्या सगळ्याच डब्यात येणार होता." ते शांतपणे बोलत होते, शिकवल्यासारखे. "त्याच्या फाइलीतलं लॉक वापरायचं, तर त्याला ते माझ्यासाठी खुलं करावं लागलं असतं. एका ओळीचं काम. मी जाऊन सांगायचं, बाबा रे, तेवढी ओळ टाक. मी सांगायचं. मी." त्यांनी फोटो उलटा ठेवला. "म्हटलं, दुसरा प्रोसेसर येईल तेव्हा त्याला घाम फुटेल. तेव्हा येईल वर, माझ्या टेबलाशी. तोवर काही बिघडत नाही."

"ते तुमची वाट बघत होते."

"बघू दे."

मी त्यांना माझ्या अहवालात काय आहे ते सांगितलं. कोड लिहिणाऱ्यांना न सांगता बदललेली चिप. 'गरज नाही' लिहिणाऱ्या आणि फायली कधीच शेजारी न ठेवणाऱ्या मॅडम. एका तारेवर, जिथं दोन कामं कधी एकदम भिडतच नाहीत, पास होणारे डबे. आणि दोन साडू, ज्यांना दोघांनाही माहीत होतं. सर्वस्वी तुमची चूक असं कुणीही म्हणू शकणार नाही, असं मी म्हणाले. ओझं वाटलं जाईल. सही करू नका.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याचं नाव नि माझं नाव एकाच वाक्यात आहे?"

"हो. त्याशिवाय ते सांगताच येत नाही."

"शेजारी शेजारी."

"हो."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मी हात पुढे केला, पण टेबल रुंद होतं. चूक सर्वस्वी माझी, या ओळीखाली त्यांनी सावकाश, गिरवल्यासारखी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला समाधानच म्हणावं लागेल.

"त्याच्याबरोबर वाटून घ्यायला नको," ते म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको उभी होती. तिनं कुठून ऐकलं कोण जाणे. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली, "आणि तिकडे त्यालाही."  ती बाल्कनीत गेली.

मी खाली रस्त्यावर येऊन वर पाहिलं. ती दोरीवरचे कपडे काढत होती. एरवी दोघींचे एकत्रच काढत असणार; पण ती एकेक चिमटा थांबून, बघून काढत होती आणि फक्त आपलेच घेत होती. फ्रॉक आणि एक शर्ट दोरीवर ठेवून ती आत गेली. कडीचा आवाज खालपर्यंत आला नाही.

विमा कंपनीकडे धाडण्याआधी मॅडमनी सहीचा कागद माझ्या अहवालावर ठेवला आणि पिन मारली. एका नावावर मिटलं ते बरं झालं, त्या म्हणाल्या, पेशंटच्या घरच्यांनाही समजायला सोपं. अहवाल खाली गेला तो गेलाच; विमा कंपनीनंही फक्त वरचा कागद वाचला. डब्यातली दुरुस्ती धाकट्यांनी केली; तेच राहिले होते करायला. एक ओळ खुली केली आणि थोरल्यांच्या फाइलीत जिथं जिथं होता तिथला '२' खोडला. कासव म्हणाला, काम जेवणाच्या सुट्टीआधी संपलं.

शिंप्याच्या मुलीला मी स्वतः जाऊन भेटले. वॉर्डातला पडदा तिनं मागून घेतला होता आणि उरलेली शिवण ती घालत होती. कागद तिच्यापर्यंत पोचला होता. त्यातलं तिला काही विचारायचं नव्हतं.

"हाक मारली होती का?" तिनं विचारलं.

"मारली होती," मी म्हणाले. "डब्यापर्यंत पोचलीही होती. तिथं दोघं होते."

"मग?"

मला सगळं समजावून सांगता आलं असतं; यादी, लॉक, दुसरा प्रोसेसर. ते समजावणं हेच माझं काम आहे.

"त्यांचं आपसात बोलणं नव्हतं," मी म्हणाले.

तिनं दोरा दातानं तोडला.